उचगावात राहिलेली वाटी

कोल्हापूर, रविवार, दुपार

चिरंजीव पिराजी यास आक्काचा जय भीम.

तुझा गुडघा कसा हाय? वाकत असंल तर पायरीवर बसून वाच, नसंल वाकत तर उभ्यानं वाच, पर शेवटपर्यंत वाच. आमच्याकडं सगळी बरी हाईत. माझा एक दात पडला, पर तो हलतच होता, त्यामुळं कळवण्यासारखं काय न्हाई. फोन केला असता, पर तुझी बायको फोन स्पीकरवर टाकती आणि तुमची सगळी गल्ली ऐकती. म्हणून चौथीतलं अक्षर बाहेर काढलंय. कुठं चुकलं तर सुधारून घे, मला कळवू नकोस.

तर आम्ही घर बघतोय. मालक आमच्या दोन खोल्या पाडून गाळे काढणार, पाडव्याच्या आत हलायचं हाय. (वीस वर्षं त्याला सांगत होते की छप्पर गळतंय. तेव्हा एक कौल बदललं न्हाई, आता एकदम छप्परच काढतोय.) प्रसेनजीतची फाउंड्री शिरोलीला, सूनबाई क्रांतीचा दवाखाना गावात, नात श्रुतीची पुढच्या साली दहावी. म्हणून तुझ्या भाच्यानं नेम केला की घर दोघांच्याही कामापासनं अर्ध्या तासात पाहिजे. कुठली जागा दिसली की तो फोनला विचारतो, आणि फोन म्हणतो अठरा मिनिटं. फोनला उसाचा ट्रॅक्टर दिसत न्हाई. त्याच अठरा मिनिटांच्या रस्त्यावर आमची रिक्षा दोन ट्रॉल्यांच्या मागं पाऊण तास रांगत होती. श्रुतीनं हात घालून कांडं ओढलं, सगळ्यांचा ऊस खाऊन झाला, चोथा टाकून झाला, तरी फोन आपला अठरावरच.

प्रसेनजीत मिनिटं बघतो, क्रांती नळ बघती. मी काय नुसत्या भिंती बघू? म्हणून मी शेजार बघायचं ठरवलं. माझी रीत साधी हाय. घर बघून झालं की आपली स्टीलची वाटी घेऊन शेजारच्या दारात जायचं आणि चमचाभर विरजण मागायचं. (चमचाभर दह्यात माणूस कळतो. दूध मागितलं तर लोक हिशोब करतात, विरजणाला कुणी हिशोब लावत न्हाई.) वाटीवर ‘कांबळे’ कोरलेलं हाय. ती बाजू मी पुढं धरते, म्हंजे आडनाव कसं विचारावं हा त्यांचा घोर मिटतो.

पहिली जागा कळंब्याच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर. शेजारीण दाराच्या आतनंच म्हणाली, “मावशी, मोबाइलवर मागवा की, दहा मिनिटांत येतंय.” आवाज गोड होता. तोंड कसं हाय ते तिच्या दारालाच ठावं.

दुसऱ्या जागेचं नाव लिहीत न्हाई, तुझे व्याही तिकडंच राहतात. तिथल्या शेजारणीनं वाटी नीट वाचली आणि दही संपलंय म्हणाली. मागं ओट्यावर दह्याचं पातेलं उघडंच होतं, माशी बसत होती. पाच मिनिटांत घरमालकाला आठवलं की घर त्यानं भाचीला कबूल केलंय. घर दाखवताना त्याला भाची नव्हती. वाटी बघून जन्मली.

तिसरी जागा उचगावची. काल गेलतो. तीन खोल्या, मागं धुणं वाळत घालायला जागा, ट्रॅक्टर धरूनसुद्धा शिरोली पंचवीस मिनिटं. एक खोली अशी की श्रुतीला दार लावून अभ्यासाला बसता येईल. पोरीनं ते दार चारदा लावून बघितलं. (आमच्याकडं ती जिन्यात बसून वाचती, आणि जाणारा-येणारा तिला पाय लावून जातो.) पर त्या ट्रॉल्यांपायी पोचायला उशीर झालता, घराघरांत दिवे लागलेले. शेजारी मीनाबाई म्हणून हाय. दारात तीन म्हशी. तिनं वाटी बघितली, कुठलं पावणं म्हणून विचारलं, मग आत कुणाकडं तरी बघितलं आणि म्हणाली, “आत्ता न्हाई द्यायचं जमायचं. सकाळी या.”

तीन म्हशी दारात आणि चमचाभर दही न्हाई! आधीच्या दोन जागा माझ्या डोक्यात शिजतच होत्या. मी म्हटलं, “का गं बाई, आमची वाटी बघून तुझ्या म्हशी आटत्यात व्हय?” आणखी बरंच म्हटलं, ते ह्या कागदावर मावायचं न्हाई. वाटी तिच्या उंबऱ्यावर आपटली आणि रिक्षात येऊन बसले. रिक्षा हायवेला लागल्यावर कळलं, वाटी तिथंच राहिली. परत कोण जातंय! प्रसेनजीतला सांगितलं, हे घर न्हाई. श्रुती घर येईपर्यंत बाहेर बघत बसली.

आज सकाळी प्रसेनजीत एकटाच उचगावला गेला (नळाला पाणी किती जोरात येतं बघायला म्हणे) आणि वाटी घेऊन आला. काठोकाठ विरजण, वर सायीचा पापुद्रा. संगं मीनाबाईचा निरोप: “दिवं लागल्यावर दही-मीठ भाईर देत न्हाईत की. माझी सासू दिव्याम्होरंच बसलेली. आजींना म्हणावं, पुढच्या टायमाला सकाळ हुंद्या आणि मग आपटा.”

पिराजी, आपल्या आबानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि दिवेलागण, अमावास्या, आडवं जाणारं मांजर, सगळं एका दिवसात घराबाहेर काढलं. मी उभ्या जन्मात कुणाला दही देताना दिव्याकडं बघितलं न्हाई. त्यामुळं बाकीचे अजून बघतात हे ध्यानातनंच गेलं. चूक आबाची हाय. तो न्हाई म्हणून माझ्यावर आली.

तर उचगावचं घर घ्यायला मी परवानगी दिलीय. गुडघ्याला तेल लाव.

तुझी आक्का

ता. क. मीनाबाईचं माहेर तुमचंच मलकापूर निघालं. तुझ्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवतो तो गुंडू तिचा सख्खा भाऊ. दळण घेऊन जा आणि बोलता बोलता सांग की आमच्या आक्काला साखर हाय, संध्याकाळी डोकं फिरतं, एरवी बाई लई गुणाची. माफी हा शब्द काढायचा न्हाई. मला साखर न्हाई हे तुला ठावं हाय, गुंडूला न्हाई.

आणखी ता. क. क्रांतीनं आत्ता सांगितलं की प्रसेनजीतनं सकाळी आधी विसार दिला आणि मग वाटी आणायला गेला. म्हंजे मी काल न्हाई म्हटलं काय आणि आज व्हय म्हटलं काय! आता शेजार बदलायची सोय न्हाई, तवा वरचं काम हे पत्र मिळाल्या दिवशीच कर. डब्यात पीठ असलं तरी दळण काढ.

शेवटचं. आबानं सगळं घराबाहेर काढलं, पर भरून आलेली वाटी रिकामी ठेवायची न्हाई, हे तेवढं आत ठेवलं. तुझ्या बायकोचं करवंदाचं लोणचं एक बरणी पाठव. मी घातलंय म्हणून सांगणार हाय. वाटी भरून मी स्वतः घेऊन जाणार, आणि सकाळीच जाणार.