मांडवीची टेप

१६ फेब्रुवारी १९८६, रविवार

झाला एकदाचा मांडवीच्या किनाऱ्यावरचा कार्यक्रम. गाणं कुणी म्हटलं नाही तरी घसा माझा बसलाय. स्टेजची वायरिंग कुणी केली देव जाणे, मेनवर लावलं की टेपमध्ये नुसतं घूं घूं. शेवटी टेप सेलवर चालवला. नवे सेल आणायचे होते, राहिले. (मीच विसरलो, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू.) घरातल्या बॅटरीतले काढून घातले. चाकं फिरत होती, मला तेवढं पुरे.

वासू छान वाजवत होता. सौ.चा धाकटा भाऊ म्हणून म्हणत नाही, मेहुण्यांचं कौतुक करणाऱ्यांतला मी नव्हे. त्याची गिटार, अस्लमचे ड्रम, नंदूचा ऑर्गन, आणि रेकॉर्डिंगला मी. असा आमचा 'जांभा' बँड. मुंबईत या प्रकाराला फ्यूजन म्हणतात. इथे काय म्हणतात ते लिहीत नाही. एक आजोबा स्टेजमागे येऊन विचारून गेले, "गाणारा कधी येणार?" त्यांना काय सांगणार. बरेच उठून गेले, पण बसले ते शेवटपर्यंत बसले. कार्यक्रम ठेवणाऱ्या मास्तरांनी शेवटी त्यांच्या त्या खर्जातल्या आवाजात आभार मानले. भरून आलं मला.

१८ फेब्रुवारी

दुकान बंद केल्यावर मोठ्या डेकवर टेप ऐकली. सगळे होते. पहिला भाग ठीक. मग हळूहळू चढत गेलंय, आणि शेवटचे दोन तुकडे... आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. हे आपण? वासूची बोटं दिसणार नाहीत असा वेग. अस्लम म्हणाला, "शेवटी पेटलो रे आपण." स्टेजवर असताना एवढं जाणवलं नव्हतं. वाजवणाऱ्याला जाणवत नाहीच म्हणतात.

सूरही चढत गेलाय. नंदू म्हणाला हे कसं? मी म्हटलं, ऑर्गन भाड्याचा, कोल्हापूरचा, तापला की सूर चढत असणार, आणि तुम्ही त्यालाच लावून घेतलं असणार. पटलं सगळ्यांना. रेडिओ दुरुस्त करणारा सांगतोय म्हटल्यावर पटणारच.

मास्तरांचा आवाज मात्र बायकी आलाय. हसून हसून पुरेवाट. माइक भंगार होता.

९ मार्च, रविवार

शेवटच्या दोन तुकड्यांची कॉपी काढून अस्लमच्या मामूंबरोबर मुंबईला पाठवली. मामू ज्या हॉटेलात कामाला आहेत तिथे असाच इलेक्ट्रिक बँड वाजवतो, त्यांच्या मुख्य माणसाला द्यायची आहे. आशा वगैरे ठेवलेली नाही. (ठेवली आहे.)

वासू रोज बर्फाच्या कारखान्यातून सुटला की थेट दुकानात. मांडवीची टेप लावतो आणि तिच्याबरोबर वाजवतो. टेपच्या सुराला जुळवायला तारा ताणून ताणून चढवतो, आज एक तुटून गालाला लागली. म्हणतो, "भावोजी, त्या दिवशी हात चालला तो आता का चालत नाय?"

मी म्हटलं, सरावाने येईल.

२८ मार्च

शिमग्याची पालखी सासऱ्यांच्या घरी येऊन गेली. वासूने खांदा दिला नाही. हात जपतोय म्हणे. सासरे होडीवरून भांडून आल्यासारखे लालबुंद. "गिटार काय खांद्यावर वाजवतोस काय रे?" असं चारचौघांत बोलले. पोरगा मान खाली घालून उभा. मला बोलायला हवं होतं, पण जावई पडलो.

२० एप्रिल, रविवार

मुंबईहून कार्ड! 'हा गिटारवाला जूनमध्ये पाठवा. इतका चपळ हात आमच्याकडे नाही.' वासूने कार्ड वाचलं आणि माझ्या पाया पडायला वाकला. वेडा. मी त्याला वर ओढला. सौ. रडली, मग आमरस काढायला बसली.

वासूच्या डाव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही, उसण भरली आहे.

५ मे

काल चिपळूणला वाजवलं. या वेळी वायरिंग मी स्वतः केली, रेकॉर्डिंग मेनवर, घूं घूं नाही, स्वच्छ. रात्रीच्या गाडीने परत. आज दुकानात ऐकलं आणि सगळ्यांची तोंडं उतरली. मांडवीच्या पुढे हे म्हणजे अगदीच गारठलेलं. वेग नाही, आग नाही.

वासू अस्लमवर तुटून पडला. "झोपलावतास काय तू? तू मागं ओढतोस म्हणून माझा हात अडकतो."

अस्लमने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी वाजवतो तसाच वाजवला. तुला मुंबईचे ड्रमवाले मिळतील आता." आणि काठ्या घेऊन निघून गेला. नंदूही पाठोपाठ.

मी कुणालाच काही बोललो नाही. खरं तर माझंही मत वासूसारखंच होतं. अस्लम मागे पडतोय, मला टेपवर स्पष्ट ऐकू येत होतं.

८ जून

वासू गेला. कारखान्याची नोकरी सोडून. सासरे स्टँडवर आले नाहीत. एसटी सुटेपर्यंत तो खिडकीतून मांडवीच्या कॅसेटने टाटा करत होता. गिटार टपावर ताडपत्रीखाली. मला तिचीच जास्त काळजी.

१७ ऑगस्ट

वासूचं पत्र सौ.ला. सगळे चांगले आहेत, जेवण बरं आहे, टेपसारखं अजून येत नाही, गणपतीला जमणार नाही. अक्षर वाकडं. सौ. म्हणाली, "हा डाव्या हाताने लिहितो काय?" तो उजव्यानेच लिहितो. मग मला कळलं की कागद धरायला डावा हात चालत नसणार.

अस्लम हल्ली रस्त्यात दिसला तर मान हलवतो, थांबत नाही.

१० सप्टेंबर



काल वीज गेलेली. सौ.ने वासूसाठी घरच्या आरत्या टेप केल्या, शेवटी स्वतः चार शब्द बोलली. येत नाहीस तर निदान ऐक तरी म्हणून. टेपमधले सेल कधीचे होते कोण जाणे. आज वीज आल्यावर मी डेकवर लावून पाहिली. आरती घोड्यावर बसल्यासारखी धावत सुटलेली. आणि मग सौ.चा आवाज, शाळेतल्या पोरीसारखा, चिरका. आमची मनी हसून लोळली. "आई, परत लाव ना!"

सौ.ही हसत होती. मी हसत होतो. आणि मधेच मला मास्तर आठवले. बायकी आवाज. माइक भंगार नव्हता.

सेल मेले की रेकॉर्ड करताना टेप हळू फिरते. मग चांगल्या वेगाने लावली की सगळं जलद आणि चढं ऐकू येतं. दहा वर्षं दुकान चालवतोय, हे मला कळू नये? एखाद्या गिऱ्हाइकाने टेप आणली असती तर मी क्षणात सांगितलं असतं. आपल्याच कौतुकाची होती म्हणून तपासली नाही.

मांडवीला सेल शेवटी शेवटी मरत गेले. आम्ही पेटलो नव्हतो. कुणीच तसं वाजवलं नव्हतं. आणि वासू सहा महिने स्वतःशीच नव्हे, माझ्या बॅटरीच्या सेलशी शर्यत लावून बसलाय.

सौ.ला सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

मास्तरांना चहाला बोलावलं. म्हटलं, मास्तर, मांडवीला शेवटी बोललात तसं एकदा बोला. म्हातारा खूश. "मंडळी, आपण शेवटपर्यंत थांबलात, याबद्दल मी रसिकांचा ऋणी..." मी डेकच्या मोटरीमागचा वेगाचा बारीक स्क्रू फिरवत राहिलो, टेपमधले मास्तर आणि खुर्चीतले मास्तर एक होईपर्यंत. मग तिथून मागे मागे येत, आभारांसकट शेवटच्या दोन्ही तुकड्यांचा वेग उतरवून नवी कॉपी काढली. सूर चिपळूणच्या टेपशी ताडून पाहिला, बरोब्बर बसला.

ऐकली. एकट्याने, शटर ओढून.

चांगलं होतं. वाईट वाटतं ते त्याचंच. वेगाने जे गिळून टाकलं होतं ते सगळं ऐकू येत होतं. वासू एक सूर धरून थांबतो, आणि मागून अस्लम सावकाश येऊन त्याला भेटतो. मागे लाटसुद्धा ऐकू येते. आमचं असं होतं ते. मी खूप रडलो.

१५ सप्टेंबर

अस्लमच्या घरी राजिवड्याला गेलो. त्याला टेप ऐकवली, सगळं सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे मी मागे नव्हतो."

"नव्हतास."

"मग मे महिन्यात तुम्ही का बोलला नाहीत?"

त्याच्या आईने ताटात काहीतरी आणून ठेवलं, ते मी नीट खाल्लं नाही.

१९ ऑक्टोबर

वासू परत आला. डावं मनगट बांधलेलं. डॉक्टर म्हणाले, आतल्या शिरा सुजल्यात, गिटारला हात लावायचा नाही, पुढचं पुढे पाहू. पुढचं पुढे पाहू म्हणजे काय हे कुणीच विचारलं नाही. सासऱ्यांनी त्याची पिशवी उचलून आत ठेवली.

सौ.ला आज सगळं सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "नका सांगू त्याला. सांगून हात बरा होणाराय? निदान एकदा आपण तसं वाजवलंवतं, एवढं तरी राहूदे त्याच्याकडे."

तिचं खरं आहे. पण अस्लमचं काय? आणि तो हात बरा झाला, की पुन्हा त्याच टेपच्या मागे धावेल, त्याचं काय? मला नुसती भीती वाटते.

२३ नोव्हेंबर, रविवार

वासू दुकानात आला. इकडचं तिकडचं बोलला. मासळी महाग झालीय, बर्फाच्या कारखान्यात परत घेत नाहीत. मग स्टुलावर बसून म्हणाला, "भावोजी, मांडवीची लावा."

ड्रॉवरमध्ये दोन्ही होत्या. सौ.चं बोलणं डोक्यात होतं. तरी मी खरी लावली.

पहिल्या सुरालाच त्याने मान वर केली. मी टेप चालू ठेवली. तो ऐकत होता, आणि मी एक रेडिओ उघडून त्यात तोंड घालून बसलो. शेवटी मास्तर बोलले, भरदार, खर्जात. वासूने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या सेलकडे. सांगावं लागलं नाही. हुशार आहे पोरगा.

"माझीच चूक," मी म्हटलं. "सेल."

तो हसला. मला ते हसणं सहन झालं नाही.

"मुंबईला पहिल्या दिवशी मी हेच वाजवलंवतं," म्हणाला. "अस्संच, ह्याच चालीत. त्या बँडवाल्यानं मधेच थांबवलान. विचारलान, टेपमधला पोरगा कुठाय?"

त्याने उठून डेकमधून कॅसेट काढली, उजव्या हाताने, शर्टच्या खिशात घातली. दुसरी मी पुढे केली, ती नको म्हणाला.

दारात उभा राहून मी पाहत होतो. घराकडे वळेल असं वाटलं, पण तो राजिवड्याच्या रस्त्याने खाली उतरला. अस्लमकडे. अस्लमने परवाच ड्रम विकलेत, कुठल्या तरी ऑर्केस्ट्रावाल्याला. वासूला हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. हाक मारणार होतो. मारली नाही.