निरोगी माणूस हवंय

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजही मशीन निघालं नाही!

सकाळी झोपेचं औषध थांबवलं. म्हातारीने डोळे उघडले. सिस्टरने मशीनचा जोर कमी केला — आता आजी, तुमचा श्वास तुम्ही घ्या. थोडा वेळ बरं चाललं. मग छाती भात्यासारखी वरखाली, कपाळावर घाम, डोळे पांढरे. की परत मशीन. कालही हेच, परवाही हेच.

न्यूमोनिया गेला म्हणतात. फोटोत छाती साफ. मग अडलंय कुठं? विचारलं की 'बघू या, आजी स्ट्राँग आहेत.' ते मला सांगता? मी तिची सून आहे!

हे कोपऱ्यात उभे. आईच्या तोंडातली नळी बघवत नाही म्हणून भिंतीवरची हात धुवायची सूचना वाचत बसतात. रोज तीच. पाठ झाली असेल एव्हाना.

४ फेब्रुवारी, बुधवार

लिफ्ट फक्त स्ट्रेचरला. जिन्याच्या मधल्या वळणावर पिशवी खाली ठेवून उभी राहिले. वॉचमन म्हणतो, 'मावशी, वय झालं आता.' म्हटलं, 'तुझं होऊ दे, मग दोघं मिळून रडू.'

दमले. बाकी काही नाही लिहायला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक नवीन डॉक्टरीण आली. काटकुळी, चपला झिजलेल्या, केसात पेन खोचलेलं. आयसीयूचीच आहे, पण संशोधन करते म्हणे. आम्हाला बाहेरच्या खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली. डॉक्टर असं बसतात हे माहीत नव्हतं.

म्हणाली, 'आजींची फुप्फुसं सुधारलीत. तरी मशीन काढलं की धाप लागते. मला वाटतं दोष हृदयाचा आहे.'

म्हटलं, 'वाटतं म्हणजे? माहीत नाही?'

'नाही माहीत. म्हणून तर शोधतेय.'

इतक्या दिवसांत पहिला माणूस भेटला जो माहीत नाही म्हणाला! बाकीचे नुसते बघू या, बघू या.

मग समजावलं. मशीन हवा आत ढकलतं तोवर हृदयाचंही काम हलकं असतं. मशीन काढलं की श्वास स्वतः ओढायचा, रक्त जास्त येतं, ते सगळं हृदयाने पुढे ढकलायचं. ते कमी पडलं की पाणी मागे फुप्फुसात तुंबतं. मला कळलं. आमच्या इमारतीची मोटर अशीच. वर चढवता आलं नाही की खाली सगळा चिखल.

तिला काय करायचंय, तर सकाळी मशीनचा जोर कमी करताना म्हातारीच्या छातीवर सोनोग्राफीची डबी फिरवून हृदय कसं वागतं ते बघायचं. असे पुष्कळ पेशंट बघणार. सुई नाही, कापाकापी नाही. फक्त घरच्यांची सही हवी.

ह्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. 'तू वाच.' मी चौथी शिकलेली, हे बी.कॉम.! बोट ठेवून ठेवून वाचला. शेवटी म्हटलं, 'करा सही. आई तुमची आहे, माझी असती तर मीच केली असती.' केली.

जाताना डॉक्टरीण म्हणते, 'तुलनेसाठी निरोगी माणसंही हवीत मला. आजार नसलेली, औषध नसलेली. नातेवाईक चालतात. तुम्ही याल?'

'दम लागतो का, पाय सुजतात का' असं काहीबाही विचारत होती. म्हटलं, 'बाई, मला आजारी पडायला वेळ नाही आणि निरोगी म्हणून आडवं पडायलाही नाही.'

हसली. दात किडलेत तिचे. स्वतःकडे बघायला तिलाही वेळ नसावा.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज सिस्टर म्हणाली, 'आजींचे केस गुंतलेत, विंचरता का?' उशीवर मान टेकलेली, म्हणून वेणी एका बाजूला घातली. म्हातारी जागी होती. मान हलवून नको नको करत होती. तिला मधोमध लागते, ताठ, दोरीसारखी.

नळीमुळे बोलता येत नाही. लग्न झाल्यापासून इतके दिवस मी एक टोमणा न ऐकता काढलेले नाहीत. वाटलं होतं सुख वाटेल. नाही वाटत. घरात भांडायला कुणी नाही तर भाजीसुद्धा बेचव होते.

८ फेब्रुवारी, रविवार

ननंदेचा फोन. 'वहिनी, आईला कुणाच्या प्रयोगाला देताय? उंदीर आहे का ती?' म्हटलं, 'वन्सं, तुमची आई उंदीर असती तर मी केव्हाच मांजर पाळलं असतं.' फोन ठेवला. मग फार वाईट वाटलं. मुलगी आहे, लांब आहे, घाबरली असणार. परत लावला तर उचलला नाही.

रात्री आडवं पडलं की खोकला येतो. दवाखान्यातल्या एसीच्या गारठ्याने. दोन उशा घेतल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरिणीचं म्हणणं बरोबर निघालं!

मला काचेतून बघू दिलं. जोर कमी केला, डबी छातीवर, पडद्यावर काळं-पांढरं हृदय उघडझाप करतंय. आधी ठीक. मग दमत गेलं, फुगत गेलं. डॉक्टरीण पडद्याला बोट लावून दुसऱ्या डॉक्टरला ओरडली, 'हे बघ! हे बघ!' म्हातारी धापतेय आणि ही खूश! राग आला. मग कळलं, चोर सापडल्याचा आनंद होता तो.

आता अंगातलं जास्तीचं पाणी काढायचं औषध, प्रेशरचं औषध. दोन दिवसांनी परत बघणार.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चपलेचा पट्टा पायात रुततो. खुर्चीवर लटकून लटकून पाय सुजलेत. हे म्हणाले, 'आज घरी थांब.' म्हटलं, 'आणि तिथं तुम्ही काय करणार? सूचना वाचणार?'

गेले. जिन्यात तीनदा थांबले. वॉचमनने खुर्ची पुढे केली. ते जास्त लागलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

निघाली नळी!! जोर कमी केला, हृदय टिकलं, म्हातारी टिकली. दुपारी नळी काढली. हे बाहेर जाऊन रडले, मी बघितलं नाही असं दाखवलं.

मी धावतच वर आले होते. पलंगाजवळ गेले. म्हातारीचा घसा फाटलेला, नुसती हवा येते. वाकले. इतक्या दिवसांनी पहिला शब्द काय?

'बस.'

मग दम खाऊन — 'धापतेस किती.'

मशीनवरून उतरली नाही तोच माझ्यातली खोट काढली! म्हटलं, 'आई, तुम्ही आधी तुमचं बघा.' तर वेणीला हात लावून म्हणते, 'ही कुणी... असली...'

बरी आहे म्हातारी. अगदी बरी आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

म्हातारी साध्या वॉर्डात. आता घरीच न्यायची म्हणतात, पुढच्या आठवड्यात. ननंद फोनवर रडली. 'वहिनी, तुम्ही होतात म्हणून.' मी कसली, ती काटकुळी डॉक्टरीण होती.

म्हणून ठरवलं, तिचं एक काम करून टाकू. निरोगी माणूस हवंय ना? घे. तेवढीच घटकाभर पाठ टेकेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेले डॉक्टरिणीकडे. म्हणाली, 'सरळ झोपा.' झोपले तर ठसका थांबेना. उशी वर केली. छातीवर गार जेल, डबी. ती बडबडत होती — आजी काय म्हणतात, वेणी कोण घालतं. मी सांगत होते.

मग डॉक्टरीण डबी एकाच जागी फिरवायला लागली. केसातलं पेन काढलं, परत खोचलं.

'लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते कधी?'

म्हटलं, 'सगळ्यांचेच सुजायचे. शाळा त्यातच सुटली माझी.'

मी उठायला लागले. घरी काम पडलंय. तिने खांद्यावर हात ठेवला.

'उठू नका.'

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लहानपणच्या त्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप आवळून गेलीय. उद्या फुगा घालून उघडणार. डॉक्टरीण म्हणते, तिला निरोगी माणूस अजून हवंच आहे.

म्हातारीला आज सुट्टी झाली. घरी गेली नाही. बाहेरच्या खुर्चीवर बसलीय, मांडीवर माझी पिशवी. सिस्टरशी वाद घालतेय, फाटक्या आवाजात, इथपर्यंत ऐकू येतं —

'कंगवा इकडे आणा. तिची वेणी मीच घालणार.'