चावी नसलेला नळ

रोम, मे १९७३

बनुअक्कास सलाम,

निघताना तू म्हणालीस, "तिथलं समदं लिही, मरे. आमी दुष्काळी कामावर खडी फोडतो, तिथं मास्तर समद्या बायांना वाचून दावतील."

आज पहिल्यांदा शहर पाहिलं. मठातल्या सिस्टर दोन हजार वर्षांच्या भिंती दाखवत होत्या आणि मी रस्त्यातले नळ पाहत होते. ते रात्रंदिवस वाहतात, त्यांना चावीच नाही. मी एकाच्या तोंडावर तळवा दाबून धरला, तर वरच्या भोकातून पाणी उसळलं. तिथल्या बायका हसल्या.

तिसगावचा टँकर आला नाही म्हणून तुझी लेक दया डबक्यातलं पाणी प्याली. ती जाऊन महिनाच झालाय.

हे पत्र मास्तरांच्या हाती कसं देऊ? दुसरं लिहिते, भिंतींचं.

तुझी,
मरियम