बहुतेक वाटेवर, थोडं वाट सोडून

कारेनियेमी,
१८ ऑक्टोबर २०११

ती. दादास,
सायमीचा सा. न. वि. वि.

तुला फोन करण्यात अर्थ नाही. मागच्या खेपेला मी "गाडी गेली" म्हणून ओरडले, तर तू "कोण गेली?" म्हणत डोळे पुसायला लागलास, असं एल्नावहिनी सांगत होत्या. चाळीस वर्षं इंजिनांत डोकं घालून बसल्यावर कान दुसरं काय करणार! तेव्हा पत्रच बरं.

तर गेली ती माझी स्नोमोबाइल. दहा हिवाळे ओढले बिचारीने. आरोग्य केंद्राचे साहेब म्हणाले, नवी मिळेल, पण बसायचं तुम्हाला तर निवडा तुम्हीच. मी इवालोच्या दुकानात गेले. तिथला पोरगा मला पाहून आधी म्हणाला, आजी, नातवासाठी का? मग तासभर त्याने मला वेगाच्या गोष्टी सांगितल्या. मला वेग नको रे. माझं घरोघर फिरायचं नर्सचं काम तुला ठाऊक आहे. बहुतेक वेळ मी तळ्याभोवतीच्या, लाल फुल्यांच्या काठ्या रोवलेल्या वाटेवर असते. पण चार घरं वाटेपासून आत आहेत, आणि आजारी नेमकी तिथलीच माणसं पडतात.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. गेल्या एप्रिलमध्ये ऊला म्हाताऱ्याच्या घराकडे वळताना गाडी कमरेएवढ्या हिमात रुतली. तीन तास फावडं मारत होते. अंगाला घाम, आणि तो घाम गोठायला लागला तेव्हा मी मोठमोठ्याने आपल्या आईला हाका मारल्या. चोपन्न वर्षांची बाई! कोणाला सांगू नकोस. पण तेव्हापासून वाट सोडायची वेळ आली की मी आधी गाडी थांबवून फावडं चाचपते.

तेव्हा तूच सांग, कोणती घेऊ. तुझ्याइतकं या गाड्यांतलं कळणारा माणूस आपल्या घराण्यात नाही. वहिनींना नमस्कार.

माया आहेच, पत्रातूनही कळू दे.
तुझी, सायमी

*

सोदान्कुला,
२६ ऑक्टोबर

चि. सायमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला विचारू नकोस. दुसऱ्या कोणाला विचार.

जो आजारी असेल त्याने वाटेपर्यंत यावं. त्याला चालवत नसेल तर त्याच्या माणसांनी आणावं. तू वाट सोडायची नाहीस. तू लिहिलंस, बहुतेक वेळ वाटेवर असते. त्या 'बहुतेक'ची मला भीती वाटते. माणूस त्या शब्दातच मरतो.

इकडे सगळं ठीक. कोबी चांगला आला.
ओइवा

(त्याच पाकिटात)

प्रिय सायमी,

ह्यांनी काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण पाकीट माझ्याच हातात दिलं, म्हणून ही चिठ्ठी घुसवते. तुझं पत्र आल्यापासून ह्यांचं जेवण गेलंय. सकाळी गॅरेजमध्ये जातात, काही न करता बसतात आणि परत येतात.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. तौनोची ती गाडी ह्यांनी निवडून दिली होती. तुमच्या धाकट्या भावाला खरं तर खाली फिरणाऱ्या रुंद पट्ट्याची, कामाची गाडी हवी होती. हे म्हणाले, अरे, बहुतेक वेळ तू वाटेवरच असतोस, ते धूड कशाला, ही घे, हलकी आणि चपळ. आखूड पट्टा, रिव्हर्स नाही. तौनोने जवळची वाट म्हणून तळ्यावरून गाडी घातली, हिमाखाली पाणी साचलेलं होतं, गाडी बसली ती बसली. तौनो परत आला नाही, ते तू जाणतेसच. सतरा वर्षं झाली, हे एकदाही बर्फावर उतरलेले नाहीत. त्याबद्दल कोणाशी बोललेही नाहीत. माझ्याशीसुद्धा एकदाच.

त्यांच्यावर रागावू नकोस गं.
एल्ना

*

कारेनियेमी,
४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तौनोची गाडी कोणी निवडली ते मला ठाऊक होतं. गाडी आणली त्या दिवशी तौनो मला दाखवायला आला होता. दादाने निवडलीय, म्हणून छाती काढून सांगत होता. मी सतरा वर्षं गप्प राहिले, कारण तू गप्प होतास.

तुझी चूक नव्हती, असं लिहायला मी बसले होते. दोन कागद फाडले. ते खरं नाही, आणि तुला ते पटणारही नाही. तू चुकीची गाडी निवडलीस. पण दादा, त्या एका चुकीवर सतरा वर्षं तुझ्याइतका विचार या अख्ख्या उत्तरेत कोणी केला नसेल. त्या दुकानातल्या पोराने तर एक दिवसही केलेला नाही. म्हणून मला तुलाच विचारायचंय.

मी भिते. तूही भितोस. दोन भित्र्यांनी मिळून निवडलेली गाडी तरी बरी असेल.

आणि आजारी माणसं वाटेपर्यंत येणार नाहीत. ऊलाला स्वतःचे बूट घालता येत नाहीत. मला जावंच लागणार आहे, तुझी गाडी असो वा त्या पोराची.

रागवायचं असेल तर पानभर रागव, पण उत्तर दे.
सायमी

*

सोदान्कुला,
१६ नोव्हेंबर

चि. सायमीस आशीर्वाद.

हे पत्र लिहायला नऊ दिवस लागले. नीट वाच, आणि दुकानात जाताना बरोबर ने.

तीन मीटरच्या पट्ट्याची घेऊ नकोस. वाटेवर लोण्यासारखी वळते, पण मऊ हिमात आपल्याच पायाने आपला खड्डा खणते. चार मीटरची, पट्ट्यावर उंच दाते असलेली डोंगरातली गाडीही नको. ती हिमावर तरंगते खरी, पण तुझ्या त्या घट्ट वाटेवर वळणार नाही, आणि दिवसभर तिला वळवून तुझे खांदे जातील. दमलेला माणूस चुका करतो. रुंद पट्ट्याचं कामाचं धूड ओझी ओढायला उत्तम, पण रुतलं तर तुला एकटीला हलणार नाही, आणि बर्चच्या झाडांतून जाणारही नाही.

तुला मधली हवी. पट्टा साडेतीन मीटरच्या आसपास, दाते बोटाच्या एका पेरापेक्षा थोडे उंच. इंजिन पंख्याने थंड होणारं घे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला वर उडणारं भुसभुशीत हिम लागतं, तुझ्या घासलेल्या वाटेवर ते तापेल. जोर कमी असेल, असू दे. रिव्हर्स असलाच पाहिजे. रिव्हर्स नसेल तर गाडीकडे बघूसुद्धा नकोस.

दुकानात उभं राहून चालवून बघ, बसून नव्हे. वाट सोडली की उभंच राहायचं असतं. आणि मागचा कठडा धरून एकटीने उचलून बघ. वीतभर तरी उचलली गेली पाहिजे. नाही उचलली तर ती तुझी गाडी नाही, कितीही सुंदर असो.

आता शेवटचं. मधली गाडी म्हणजे सगळीकडे थोडी थोडी चांगली आणि कुठेच पुरती चांगली नाही. हिमाखालच्या पाण्यातून कोणतीच गाडी हमखास बाहेर काढत नाही. मी निवडली म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नकोस. तौनोने ठेवला होता.

एल्ना कॉफी घेऊन उभी आहे.

जपून राहा, एवढीच मागणी.
ओइवा

*

कारेनियेमी,
२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घेतली. मी कठडा धरला तेव्हा तो पोरगा धावत आला, म्हणाला, आजी, कंबर जाईल. मी म्हटलं, बाजूला हो, माझ्या भावाने सांगितलंय. वीतभर उचलली! मग त्याने माझी पिशवी धरली आणि एकदम अहोजाहो करायला लागला.

वाटेवर छान चालते. वाट सोडून दोनदा नेली, दोन्ही वेळा भीतीने ओठ चावला, दोन्ही वेळा परत आले. मोजे पाठवतेय, वहिनींनाही.

तू रोज काळजी करतोस ते इथवर ऐकू येतं, माझे कान शाबूत आहेत.
सायमी

*

औलू, इर्याच्या घरून,
१४ फेब्रुवारी २०१२

ती. दादास,
नमस्कार.

गावच्या पत्त्यावर लिहू नकोस. मी रजा घेऊन लेकीकडे आले आहे. गाडीची किल्ली शेजारच्या आर्मासकडे ठेवली. परत कधी जाईन ते सांगता येत नाही. जाईन की नाही तेही.

ऊला गेला. सातव्या तारखेला. कसा ते तुलाच लिहायचं आहे.

मी वाटेवरून चालले होते. वळणापाशी बिरेत उभी दिसली, ऊलाची बायको. सत्तरीची बाई स्कीवरून चार किलोमीटर आली होती, भुवयांवर बर्फ. म्हणाली, त्याच्या छातीत दुखतंय, राखेसारखा झालाय. मी हेलिकॉप्टरसाठी फोन लावला. ढग जमिनीला टेकले होते, ते म्हणाले, उडता येणार नाही, तुम्ही पोचा.

तळ्याच्या गोठलेल्या खाडीवरून सरळ गेलं तर पाव तास. पण आठ दिवस सतत हिम पडत होतं. एवढं ओझं पडलं की बर्फ खचतो आणि पाणी वर येतं, हे मला तू शिकवलंस. वरून सगळं पांढरं, सपाट, गोड. बिरेत म्हणाली, मी आत्ता तिथूनच आले. पण बिरेत म्हणजे मूठभर बाई, स्कीवर. मी काठावर गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. मला तौनो दिसला नाही, देव दिसला नाही, काही नाही. नुसती भीती. तोंडाला लोखंडासारखी चव आली.

मी जंगलातून गेले. अकरा किलोमीटर. बिरेतला मागे बसवलं. दोनदा रुतलो. एकदा रिव्हर्सने निघालो, एकदा दोघींनी मागून उचलून बाजूला घेतली. पावणेदोन तास लागले.

त्याचा हात अजून गरम होता, दादा. टेबलावर त्याने माझ्यासाठी कप काढून ठेवला होता.

मी अर्धा तास छातीवर दाब देत राहिले. मग बिरेतने माझे हात धरले आणि म्हणाली, पुरे. दुपारी गावातली माणसं माझ्याच चाकोरीवरून जंगलातून आली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तुम्ही लवकर पोचला असतात तरी तो वाचला असता असं सांगता येत नाही.

मला रोज ती खाडी दिसते. मी भ्याले म्हणून तो मेला का? सतरा वर्षं तू कसा जगलास ते मला आता कळतंय, आणि कळायला नको होतं. गाडीत काही कमी नव्हतं. कमी होतं ते माझ्यात.

इर्या जेवायला हाका मारतेय.
सायमी

*

बिरेतच्या स्वयंपाकघरातून,
२३ फेब्रुवारी

चि. सायमीस आशीर्वाद.

पत्ता वाचून दचकू नकोस. तुझं पत्र आलं आणि मी बस धरली. एल्नाने काही विचारलं नाही, फक्त थर्मास भरून दिला. आर्मासकडून किल्ली घेतली आणि तुझ्या गाडीवरून वळणापर्यंत आलो. इंजिन ऐकू येत नाही, पण हातांना सगळं कळतं. चांगली आहे ती.

खाडीच्या काठावर मी तुझ्यासारखाच उभा राहिलो. गाडी तिथेच ठेवली आणि बर्फात भोकं पाडायचं गिरमिट घेऊन स्कीवर उतरलो. पहिल्या शंभर पावलांत तीनदा मागे फिरलो. हे मी एल्नालाही सांगणार नाही. चौथ्यांदा गेलो.

खाडीभर आठ भोकं पाडली. पंधरा दिवसांत वरचा बर्फ बदलतो, पण साचलेलं पाणी गोठलं की आत राखाडी थर राहतो, तो मला वाचता येतो. तीन ठिकाणी तो गुडघ्याएवढा जाड होता. म्हणजे तू उभी होतीस तेव्हा तिथे पाणी होतं. पाच ठिकाणी काहीच नव्हतं, कोरडं, टणक.

आता मी तुला खोटं सांगू शकलो असतो. तू बुडाली असतीस, तू केलंस तेच बरोबर, असं. काठावर बसून तेच लिहायचं ठरवलं होतं. पण तू मला खोटं लिहिलं नव्हतंस. तेव्हा ऐक. सरळ गेली असतीस तर त्या पाचांवरून पोचली असतीस, नाहीतर त्या तिघांत अडकली असतीस. कोणतं, ते मला कळलं नाही. तौनोकडे दुसरी गाडी असती तर तो घरी आला असता का, हेही मला कळत नाही. आला असता की नसता, यातलं एक काहीतरी कोणी ठामपणे सांगावं म्हणून मी सतरा वर्षं गॅरेजमध्ये बसलो. सांगायला कोणी येत नाही, सायमी. तू बसू नकोस.

मी इथे दोन दिवस लाकडं फोडली. बिरेत राय धान्याची जाड भाकरी आणि रेनडियरचं मटण खाऊ घालते, आणि मला ऐकू येत नाही म्हणून सगळं दोनदा ओरडते. पुतण्याने तिला गावात चल म्हटलं तर तिने त्यालाच बाहेर काढलं. त्या दिवशी स्कीवरून आली त्यात तिचा घोटा दुखावलाय, आता सुजून भोपळा झाला आहे. दाखवत नाही कोणाला. मी म्हटलं, आर्मासला सांगून दुसरी नर्स बोलावतो. तर म्हणाली, दुसरी नको.

मग मी धीर करून विचारलं, सायमी उशिरा पोचली याचा राग आहे का. तिने ते एकदाच ऐकवलं, पण एवढ्या मोठ्याने की मलाही नीट ऐकू आलं. म्हणाली, राग आहे, का नसेल? माझा माणूस गेला. पण माझ्या दाराशी उशिरा का होईना, येणारी बाई हवी. वेळेवर बुडालेलीचा मला काय उपयोग? तिला म्हणावं, गुरुवारी ये, आणि जंगलातूनच ये.

तेव्हा पुढचा गुरुवार. मी तोवर इथेच आहे, वळणापाशी उभा राहीन. तू पुढे बस, मी मागे बसेन, रुतलो तर दोघे उचलू. मला भीती वाटतेच आहे. तुलाही वाटेल.

इर्याला आशीर्वाद, आणि येताना बिरेतसाठी घोट्याचा रुंद पट्टा आण.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
ओइवादादा