जांभळीचा मिटलेला डोळा

चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? तेल चोळतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? (ठेवतेसच. मी तुला ओळखून आहे.) मेहुण्यांचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे, फक्त डोक्याला एक ताप झाला आहे आणि तो माझा मीच ओढवून घेतला आहे.

तुला आमच्या मागच्या अंगणातली जांभूळ आठवत असेल. ती तोडायची असं सोसायटीच्या नव्या अध्यक्षांनी मनावर घेतलं आहे. त्यांच्या पांढऱ्या गाडीवर जांभळं पडतात. (गाडी चार हात पुढे लावावी, इतकी साधी गोष्ट. पण माणूस अध्यक्ष झाला की त्याला साध्या गोष्टी सुचत नाहीत.) रविवारी सभा आहे. तेव्हा मी ठरवलं की झाडाच्या बाजूने एक मोठं चित्र करून जिन्यात लावायचं. नातीने संगणकावर फोटो सुधारण्याचं ते सॉफ्टवेअर घालून दिलं आणि एका दुपारीत शिकवलं. शिकवण्याची पद्धत वाईट. उत्तर आधी सांगते आणि प्रश्न मग. पण एक गोष्ट पटली. त्यात चित्राचे थर असतात, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. आभाळ एका थरावर, झाड दुसऱ्यावर, पोपट तिसऱ्यावर. प्रत्येक थरापुढे एक लहानसा डोळा असतो. तो मिटला की थर दिसेनासा होतो. पुसला मात्र जात नाही.

फोटो जुनाच घेतला, तू समोरच्या इमारतीत राहत होतीस तेव्हा आमच्या गॅलरीतून काढलेला. जांभूळ कापून वेगळ्या थरावर ठेवली, तर मागे झाडाच्या आकाराचं भगदाड पडलं. नात म्हणाली, "आजी, शेजारचा भाग उचलून तिथे ठसे मार." मी झाडाचा डोळा मिटला आणि ठसे मारले. आता झाडामागे तुमच्या त्या इमारतीची नुसती बिनखिडक्यांची आंधळी भिंत आहे हे तुला ठाऊक आहे. पण मी उचलताना नेमकी कडेची तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी उचलली. नऊ ठसे बसल्यावर लक्षात आलं. पुन्हा कोण करणार? वरून झाड येणारच आहे, झाकलेलं कोण बघतंय, असं मनात आलं. (हेच मनात आणू नका म्हणून मी चौतीस वर्षं शाळेत मुलींना ओरडले.) आणि भगदाड बुजल्याच्या आनंदात झाडाचा डोळा उघडायचाच विसरले. फाइल तशीच छपाईवाल्याकडे गेली. त्याने आलं तसं छापलं. झाड वाचवण्याच्या चित्रात झाड नाही, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

तर जिन्यात आता पुरुषभर उंचीचं चित्र आहे. वर निळं आभाळ, खाली मोकळी जमीन, मागे खिडक्याच खिडक्या, मध्ये हवेत नीट पाय आवळून बसलेले तीन पोपट आणि ठळक अक्षरांत, "हे गेलं तर पाहा काय उरेल!" मी कपाळावर हात मारून ते उतरवायला निघाले, तर खालच्या मजल्यावरची डॉक्टरीणबाई म्हणाली, "काय कल्पना आहे हो तुमची! अंगावर काटा आला." मी कल्पना स्वीकारली.

खरी गंमत पुढे. अध्यक्ष रोज सकाळी गॅलरीत अर्ध्या चड्डीवर व्यायाम करतात. चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग माझं दार वाजलं. "बाई, त्या झाडामागे एवढ्या खिडक्या आहेत? सगळ्या माझ्याच गॅलरीवर?" मी म्हटलं, "झाड आहे तोवर त्यातली एकही तुम्हाला दिसणार नाही." (यात एक अक्षर खोटं असेल तर दाखव.) संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली की अध्यक्ष आपल्या प्रस्तावाचा फेरविचार करत आहेत. गाडी आत्ताच चार हात पुढे गेली आहे.

बाकी क्षेम. मेहुण्यांना नमस्कार.

तुझी,
ताई

ता.क. तू शनिवारी येतेस असं कळवलं होतंस. येऊ नकोस. त्या फोटोत तू खिडकीत उभी होतीस, डोक्याला पंचा गुंडाळून. त्यामुळे नऊच्या नऊ खिडक्यांत तूच आहेस. अध्यक्ष काल कुरकुरले, "त्या इमारतीतल्या बायकांना दुसरं काही काम नाही का?" त्यांनी तुला जिन्यात पाहिलं तर झाड गेलंच म्हणून समज, आणि झाडाआधी मी.

ता.ता.क. नात म्हणते, आजी, खरं सांगून टाक. सांगणार आहे, सभेचा ठराव वहीत लिहून झाला की. खरं मी पुसलेलं नाही, तोवर डोळा मिटून ठेवला आहे एवढंच.

जांभळं पिकली आहेत. सोमवारी ये.