'बाहेर' असलेल्या सात होड्या

प्रिय पोरी,

त्या सकाळी तू ओट्यावर मासळी उलटत होतीस, मी जाळ्यातला कचरा वेचत होते, आणि तुझा नवरा डबा विसरला म्हणून तू किनाऱ्यापर्यंत धावलीस. परत आलीस ती हसतच. म्हणालीस, आई, तुमच्या लेकाचं डोकं धडाला चिकटलंय म्हणून, नाहीतर तेही घरीच राहिलं असतं. मी रागावले नाही. त्याच्या बापाला मी हेच म्हणायचे.

वादळाला अडीच महिने झाले. तुझ्या माहेरी जिवाला बरं वाटत असेल तर राहा, घाई नाही. छप्पर मी आणि तुझ्या चुलतसासऱ्यांनी बसवलं. जरा तिरकं आहे, पण गळत नाही.

गेल्या आठवड्यात नुकसानीची पाहणी करायला सरकारची एक बाई आली होती. भली होती, चपला हातात घेऊन चिखलातून दारोदार फिरली. होड्यांचा म्होरक्या असलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला तिनं विचारलं, जाळी किती उरली? तो म्हणाला, भोकं विचारा, ती मोजून ठेवलीत. सगळे हसले. मग होड्यांचं निघालं. आपली रीत तुला ठाऊक आहे. माणूस परतला नसेल तर त्याची होडी बुडाली असं कुणी तोंडातून काढत नाही. बाहेर आहे, म्हणायचं. ज्यांच्या होड्या परतल्या नाहीत त्या सातही घरांनी तेच सांगितलं. मीही.

परवा शाळेच्या भिंतीवर भरपाईची यादी लागली. तुझ्या नवऱ्याच्या पहिलीच्या पुस्तकावर बोट ठेवून मी वाचायला शिकले, तरी ती यादी दोनदा वाचावी लागली. सातही होड्या 'सुस्थितीत, समुद्रावर'. म्हणजे त्यांच्या जागी नवी होडी एकाही घराला नाही. हरकत घ्यायला एकच दिवस, शाळेत त्याच बाईपुढे. संध्याकाळी सातही घरच्या बायका आपल्या ओट्यावर जमल्या. कळत सगळ्यांना होतं, पण आधी बोलणार कोण? जी बोलेल तिनंच आपला माणूस बुडवला, असं वाटतं ना. शेवटी तांडेलाची बायको, जिचे दोन्ही मुलगे बाहेर आहेत, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला वाचता येतं. तू आधी."

तुझा सासरा घरात, खाटेवर गेला. तेव्हा रडायला समोर माणूस होता. हे तसं नाही. तुला आधी विचारायला हवं होतं. फोन हातात घेतलाही, पण तुझ्या तोंडून हो वदवून घ्यावंसं वाटेना. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून लिहितेय. राग आला तर माझ्यावर धर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले, आपली होडी बुडाली असं त्या बाईला सांगितलं, आणि होडीवरच्या तिघांची नावं माझ्या हातानं लिहिली. त्याचं पहिलं.

तुझीच,
आई