नियम अकरा

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५. देवगड

कावेरीचं लग्न ठरलं. तिने ऑफिसात पेढे वाटले. सगळ्यांनी एकेक घेतला, मॅनेजर साटम साहेबांनी तीन. तिसरा तोंडात असतानाच मला म्हणाले, "फर्नांडिस बाई, नियम अकराप्रमाणे हिच्या राजीनाम्याचा मसुदा टाईप करून ठेवा. तारीख मोकळी सोडा."

नियम अकरा मला पाठ आहे. संघाच्या सेवानियमांचं स्टेन्सिल मीच कापलं होतं. 'महिला कर्मचाऱ्याचा विवाह झाल्यास तिची सेवा विवाहाच्या दिनांकापासून संपुष्टात येईल.' आमच्या आंबा-काजू सहकारी संघाच्या ऑफिसात बायका दोनच. आवक-जावक बघणारी कावेरी आणि टायपिस्ट मी.

टाईप केला. चार ओळी. एकही चूक झाली नाही, याचंच आता नवल वाटतंय.

कारण — इथे तरी लिहू दे — माझं लग्न होऊन पावणेतीन वर्षं झाली. मे ब्याऐंशी, गोव्यात, सासूच्या माहेरच्या चर्चमध्ये. मॅन्युएल बोटीवर कुक. दहा महिने पाण्यावर, नाताळाच्या सुमाराला दोन महिने घरी. सासर मालवणजवळ, इथून एसटीने तीन तास. देवगडात कुणाला पत्ता नाही. अंगठी क्रुसाच्या साखळीत ओवून ब्लाउजच्या आत ठेवते. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. आणि ही नोकरी मला आवडते. मशीनची टकटक, खिडकीतून दिसणारं बंदर, दुपारचा डबा. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, पण मी इथे सुखी आहे.

बुधवार, १३ फेब्रुवारी

कावेरीने सही केली नाही. कागद ड्रॉवरमध्ये सरकवला आणि जावक रजिस्टर लिहीत बसली.

रविवार, १७ फेब्रुवारी

कावेरी खोलीवर आली. नवरा मुलगा इथल्याच शाळेत मास्तर आहे. तिच्या नोकरीला त्याची ना नाही. "तेंका चलता, मगे संघाक कित्याक चलणा नाय?" चहा पिता पिता म्हणाली, "बाई, मालवणात नीरजाताईंचा स्त्री मंडळ आसा. तेंका भेटूक जातंय. चला मा माझ्यावांगडा."

मी म्हटलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं. ती गेल्यावर दुखायला लागलं. मला जे करता आलं नाही ते ही चोवीस वर्षांची पोरगी करायला निघाली आहे आणि मी तिला एसटीत सोबतसुद्धा देत नाही.

रविवार, २४ फेब्रुवारी

गेले शेवटी. मंगळवारी तिला सांगितलं, एकटी जाऊ नको, रविवारपर्यंत थांब.

नीरजाताई हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. मंडळाची बैठक शाळेच्या ओसरीवर. अकरा बायका होत्या. शिक्षिका, एक नर्स, दोघी मासे विकणाऱ्या. ताईंनी नियम दोनदा मोठ्याने वाचला. मग विचारलं, "पुरुषाचं लग्न झालं की संघ काय करतो?"

कावेरी म्हणाली, "आठ दिवस रजा देतो. नि स्टीलचं ताट."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

ताई म्हणाल्या, मुंबईतल्या एका औषध कंपनीत असाच नियम होता, तो सुप्रीम कोर्टाने वीस वर्षांपूर्वीच चुकीचा ठरवला. वीस वर्षं! आणि मी हा नियम देवाच्या आज्ञेसारखा पाठ करून बसले होते. पुढे म्हणाल्या, "आधी लिहायचं, मग भेटायचं, मग पुन्हा लिहायचं. लिहिलेलं गहाळ झालं म्हणाले तर तिसऱ्यांदा लिहायचं."

मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं लग्न झालंय?"

"नाही," म्हटलं. अकरा बायकांसमोर. कावेरी शेजारी बसलेली.

येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी आचऱ्यापर्यंत मान हलवली नाही.

सोमवार, ४ मार्च

मंडळाचं पत्र आलं. कावेरीनेच आवक नंबर घातला, शिक्का अगदी सरळ मारला. साहेबांनी वाचून बाजूला ठेवलं. "मालवणच्या बायकांना आंब्यातलं काय कळतं," म्हणाले. पत्रात आंब्याचा शब्द नव्हता.

शुक्रवार, ८ मार्च

नीरजाताई सहा जणींना घेऊन पहिल्या गाडीने आल्या. आज महिला दिन असतो म्हणे. मला ठाऊक नव्हतं.

आमचे चेअरमन दाजी मुद्दाम बागेतून आले. माणूस वाईट नाही. सगळ्यांना कोकम सरबत दिलं, खुर्च्या मागवल्या. मग म्हणाले, "बायकांक त्रास होव नये म्हणान केलेलो नियम तो. घर, पोरां, नोकरी — एकटी बाई कितक्या ओढतली?"

ताई बोलणार एवढ्यात दारातून आवाज आला. सीता! खालच्या मजल्यावरच्या कॅनिंग शेडमधली, रोजंदारीवरच्या बायकांची मुकादमीण. डबे धुता धुता तशीच उठून आलेली, कोपरापर्यंत ओली.

"दाजी, शेडीत आमी चाळीस जणी. सगळ्यो लगीन झालेल्यो, घोवाच्यो. पोर शेजारणीकडे टाकून सकाळी सातांक येतो. आमका कोण म्हणणा नाय, सीता, तुका त्रास होता, तू घराक जा. त्रास काय तो खुर्चयेर बसल्यारच होता?"

दाजींनी सरबत संपवलं. बराच वेळ लावून संपवलं. मग म्हणाले, "पंधरा तारखेच्या बोर्डापुढे ठेवतंय."

शनिवार, ९ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लोटायला सांगितलं.

"फर्नांडिस बाई, तुम्ही इथल्या ज्येष्ठ. तुम्हाला तर या नियमाचा काही त्रास नाही. एवढंच लिहून द्या — महिला कर्मचाऱ्यांची तक्रार नाही. हेडक्लार्कची जागा रिकामी होतेय. तुमचं नाव मी बोर्डासमोर ठेवतो."

मी म्हटलं, सोमवारी सांगते.

बाहेर आले तर कावेरीने माझ्यासाठी पेरू कापून, मीठ लावून ठेवला होता. खाल्ला.

रविवार, १० मार्च. सासरी

सासूला सगळं सांगितलं. मांय — सासूला मी हेच म्हणते — बांगडे साफ करत होती. रोझा डिसोझा कधी हातातलं काम टाकून ऐकत नाही.

"माका विचारतस तर," म्हणाली, "लपयलेलां सोनां नि चोरलेलां सोनां, बघणाऱ्याक दोनय सारकीच."

"आणि नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. दोन घास मी घालीन. पण तू घरात बसान ऱ्हवतलस नाय, ह्यां माका ठावक आसा." मग डोकं वर करून, "बांगडे तिखले करू की तळू?"

तळले. सहा खाल्ले.

सोमवार, ११ मार्च

साहेबांना सांगितलं — लिहून देत नाही. का ते सांगितलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

सगळं नीट लिहून ठेवते.

बोर्डाचे सात जण. समोर नीरजाताई आणि कावेरी. कोपऱ्यात मी, इतिवृत्त लिहायला. ताईंनी पंधरा मिनिटांत मुद्दे मांडले, आवाज न चढवता. मग साटम साहेब उठले. "बाहेरच्या मंडळींनी उगाच वादळ केलंय. आमच्या ज्येष्ठ कर्मचारी फर्नांडिस बाई दहा वर्षं इथे आहेत. त्यांची काही तक्रार नाही."

हे मी लिहीत होते. 'त्यांची काही' इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"साहेब, माझी तक्रार आहे. मी विवाहित आहे."

साखळी बाहेर काढली. अंगठी सगळ्यांना दिसेल अशी धरली. आवाज माझाच होता, पण दुसरीकडून आल्यासारखा. "मे ब्याऐंशीपासून. तेव्हापासून संघाचं एकही पत्र माझ्या टेबलावर पडून राहिलेलं असेल तर दाखवा."

कावेरीने तोंडावर हात ठेवला होता.

दाजी म्हणाले, "म्हणजे आमका फसयलस?"

"होय, दाजी. खरं बोलले असते तर आज इतिवृत्त लिहायला इथे नसते."

साहेब म्हणाले, तात्काळ निलंबित करा. दोघा-तिघांनी माना हलवल्या. तेव्हा नीरजाताई उठल्या. "पावणेतीन वर्षं ही बाई रोज तुमच्यासमोर काम करतेय. लग्न झालंय हे तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मग हा नियम संघाला नेमका कशापासून वाचवत होता?"

निर्णय एकोणतीस तारखेपर्यंत पुढे गेला. मी निलंबित.

बाहेर व्हरांड्यात ताईंना म्हटलं, त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. त्या म्हणाल्या, "अकरा जणींसमोर नाही म्हणालात, सात पुरुषांसमोर हो म्हणालात. फिटलं."

कावेरीने नुसती मिठी मारली. सीता शेडच्या दारात उभी होती. "माका ठावक होतां गो. दर वर्सा नाताळ झालो काय महिनोभर तू गुणगुणत ऱ्हवतस."

बुधवार, २० मार्च. सासरी

निलंबित माणसाने इतकं आनंदात असू नये. तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला मांयबरोबर खाडीत उतरले. दुपारी झोपले. अंगठी बोटात आहे. जरा घट्ट होते.

सोमवार, २५ मार्च

कावेरीचं पत्र. साटम साहेब स्वतः दोन बोटांनी टाईप करतात, 'आंबा' लिहायला पाच मिनिटं. मंडळाने जिल्ह्याच्या सहकार खात्याकडे अर्ज दिलाय, सोबत कोर्टाच्या निकालाची नक्कल. आणि खाली शेडमधल्या चाळीस जणींचे सही-अंगठे. सीताने घरोघर फिरून घेतले.

चाळीस. त्यातल्या निम्म्या जणींची नावं मला माहीत नाहीत. दहा वर्षं मी त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर बसते.

शुक्रवार, २९ मार्च. देवगड

नियम अकरा गेला!

ठराव दाजींनी स्वतः मांडला. सहकार खात्याकडून विचारणा आली होती, हे खरं. पण सीताच्या प्रश्नाला उत्तर सापडलं नाही, हेही त्यांनीच बोर्डात सांगितलं म्हणे. नीरजाताई तेवढ्यावर उठल्या नाहीत. रिकाम्या जागी नवीन नियम घाला म्हणाल्या — बाळंतपणाची बारा आठवडे पगारी रजा, ऑफिसात आणि शेडमध्ये सारखीच. कायद्यात ती आहेच, इथे कुणी दिली नव्हती. एक तास वाद झाला. शेडचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. ताईंनी ती तारीखही लिहून घेतली.

मला परत घेतलं. माहिती लपवल्याबद्दल लेखी ताकीद. ती टाईप करायला कुणी नव्हतं, म्हणून मीच केली. एक चूक नाही.

सोमवार, १ एप्रिल

सर्व्हिस बुकात 'कुमारी फर्नांडिस' खोडून 'श्रीमती क्लेमेंटिना मॅन्युएल डिसोझा' लिहिलं. हेडक्लार्क कोणी दुसराच झाला. साहेबांनी अकरा वाजता हाक मारली, "डिसोझा बाई." मला दोन क्षण कळलंच नाही, कुणाला बोलावतात.

सोमवार, २० मे

कावेरी लग्नाच्या रजेवरून कामावर आली. तिच्या हिरव्या चुड्याची किणकिण दिवसभर माझ्या मशीनच्या टकटकीत. शेडमध्ये हंगाम जोरात, सगळ्या ऑफिसाला रसाचा वास. तिलाही स्टीलचं ताट मिळालं. शेडची रजाही परवा मंजूर झाली, चाळीसही जणींना. दुपारी आता मी डबा खाली घेऊन जाते. सव्वीस नावं पाठ झाली.

शनिवार, १ जून

मॅन्युएलचं पत्र. मस्कतच्या हॉटेलात कायमची नोकरी लागली, राहायला जागाही. 'आता तुका काम करूची गरज नाय. राजीनामा दी नि ये.'

तीनदा वाचलं. मग उत्तर लिहिलं. 'बरां झालां. नाताळात रजा काढून महिनोभर येतंय. राजीनामा देणंय नाय.'

पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकून आले.